बेत ते बेट

चारही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या भूभागास बेट म्हणतात, ही व्याख्या प्राथमिक शाळेतच पाठ करून घेतली जात असल्यामुळे बेटाविषयी समाजात फारसे गैरसमज नाहीत. परंतु चारही बाजूंनी सूचनांनी वेढलेल्या मनुष्यास ‘संयोजक’ म्हणतात, हे कोणत्याही क्रमिक पुस्तकात दिलेले नसल्याने दरवर्षी कोणी ना कोणी सज्जन हे पद हौसेने स्वीकारतो आणि मित्रमंडळाची सहल ठरवू लागतो. ‘मित्रमंडळ’ ही संज्ञा येथे नोंदणीकृत संस्थेच्या अर्थाने वापरलेली नसून, महाविद्यालयात एकाच कँटीनमध्ये उधारी केलेल्या, पुढे वेगवेगळ्या शहरांत स्थिरावलेल्या आणि आता गुडघे, गृहकर्ज व मुलांचे प्रवेश या तीनच विषयांवर एकमत उरलेल्या चौदा जणांच्या मोबाइलवरील गटास उद्देशून वापरलेली आहे. प्रस्तुत लेखक या मंडळाचा खजिनदार असून, ज्याच्यापाशी खजिना नसतो आणि तरीही ज्याच्या खिशातून आधी पैसे जातात तो खजिनदार, हा खुलासा पुढील विवेचनासाठी आवश्यक आहे.

मराठीत ‘बेत’ आणि ‘बेट’ या दोन शब्दांत एका अक्षराचे अंतर आहे, आणि तेवढेच अंतर कापण्यास या मंडळाला साडेचार वर्षे लागली. पहिल्या चर्चेत मालदीव ठरले व खर्च ऐकून मावळले. दुसऱ्या चर्चेत अंदमान ठरले, पण दोघांची रजा आणि एकाची सासू यांचा मेळ बसला नाही. तिसऱ्या चर्चेत लक्षद्वीप ठरले, तेथे प्रवेशपरवाना लागतो हे कळताच ज्यांना घरूनच परवाना मिळत नव्हता असे सदस्य सुटकेच्या स्वरात “मग राहू दे” म्हणाले. चौथ्या चर्चेत मालवणचा सिंधुदुर्ग ठरला आणि गाडी कोण चालवणार या प्रश्नावर अडकला. अशा रीतीने अंदमानानंतर प्रत्येक चर्चेगणिक बेट मुंबईच्या दिशेने सरकत सरकत अखेरीस अलिबागजवळच्या थळ गावासमोर, खांदेरीपाशी येऊन थांबले. आणखी दोन चर्चा झाल्या असत्या, तर मंडळ गिरगाव चौपाटीवर भेळ खाऊन पांगले असते, असे मानण्यास पुरेसा आधार आहे.

खांदेरीची निवड शास्त्रदृष्ट्या निर्दोष होती. कर्कवृत्त व मकरवृत्त यांच्या दरम्यानच्या पट्ट्यास उष्णकटिबंध म्हणतात, खांदेरी साधारणपणे १८.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, आणि म्हणून ते उष्णकटिबंधातील लहान बेट ठरते, याबद्दल भूगोलाचा कोणताही शिक्षक वाद घालणार नाही. तथापि एका सदस्याच्या मनातील उष्णकटिबंध हा भूगोलाच्या पुस्तकातून आलेला नसून एका सहल कंपनीच्या भिंतीवरील दिनदर्शिकेतून आलेला होता, ज्यात पांढरी वाळू, पाण्यावर ओणवलेला माड, दोन माडांमध्ये टांगलेली झोळी आणि कागदी छत्री खोचलेले शहाळे एवढेच पदार्थ असतात. त्याने या सहलीसाठी केशरी जास्वंदीच्या फुलांचा शर्ट खास शिवून घेतला. खांदेरीवर काळा कातळ, तटबंदी, दीपगृह आणि वेताळाचे देऊळ आहे, हे त्याला संयोजकाने दोनदा कळवले होते. त्यावर “झोळी मी आणतो” एवढेच उत्तर आले.

चौदापैकी चौदा जणांनी संदेशावर अंगठा उंचावून होकार कळवला, आणि प्रत्यक्षात आठ जण अलिबागेत मुक्कामाला आले. अंगठा वर करणे याचा अर्थ ‘संदेश वाचला’ एवढाच असून ‘येतो’ असा नाही, हे संयोजकास त्या रात्री समजले.

समुद्रप्रवासात घड्याळापेक्षा तिथीला मान असतो. या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याची एक जुनी, ढोबळ पण कामाची रीत आहे: त्या दिवशीच्या तिथीच्या आकड्याला तिनाने गुणून चाराने भागावे, म्हणजे पूर्ण भरतीचा तास मिळतो, आणि तेथून सुमारे सहा तासांनी ओहोटी पुरी होते. द्वादशी असेल, तर बारा त्रिक छत्तीस, भागिले चार, म्हणजे नऊ. अर्थात सकाळी नवाच्या सुमारास भरती आणि दुपारी तीनच्या सुमारास ओहोटी. हे गणित तिसरीतल्या मुलाला जमेल असे असले, तरी मंडळात दोन अभियंते व एक सनदी लेखापाल असल्यामुळे ते अवघड झाले. संयोजकाच्या पंचांगात त्या दिवशी द्वादशी होती, तर उपास करणाऱ्या एका सदस्याच्या पंचांगात भागवत एकादशी होती. एकादशी क्वचित दोन दिवस लागोपाठ येते, तेव्हा पहिल्या दिवसाला स्मार्त आणि दुसऱ्याला भागवत म्हणतात. त्यामुळे भरती सव्वाआठला की नऊला, हा प्रश्न रात्री साडेअकरापर्यंत धसास लागला नाही. शेवटी होडीच्या तांडेलाला फोन लावण्यात आला. तांडेल म्हणजे होडीवरचा प्रमुख, ज्याच्या शब्दापुढे पाण्यावर कोणाचेही पद, पदवी वा पगार चालत नाही.

“तांडेलकाका, उद्या समुद्र स्मार्त धरायचा की भागवत?”

“समिंदराला कनचा उपास?” तिकडून उत्तर आले. “तो दोन टायम येतो नि दोन टायम जातो. तुमी आठला या.”

आठला जाण्याचे कारणही तांडेलाने सांगितले होते, आणि ते शाळेत शिकवलेल्या मतलई व खाऱ्या वाऱ्यांशी तंतोतंत जुळणारे होते. रात्री जमीन समुद्राच्या पाण्यापेक्षा लवकर निवते, त्यामुळे पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि किनाऱ्यालगतचे पाणी शांत असते. दिवस चढला की जमीन तापते, वारा उलटून समुद्रावरून येऊ लागतो आणि लाटा वाढतात. हे सर्वांना पटले, सर्वांनी माना डोलावल्या, आणि दुसऱ्या दिवशी मंडळ थळच्या किनाऱ्यावर पावणेअकराला पोहोचले. विलंबाची कारणे अशी की, एकाला पहिल्या चहानंतर दुसरा चहा लागतो, एकाला दुसऱ्या चहानंतर एकांत लागतो, एकाचा चार्जर खोलीत राहिला आणि तो आणायला गेलेल्याला मिसळीचा वास आला. भरतीसुद्धा रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते, असा बचाव एका अभियंत्याने मांडला. मात्र ती नेमकी किती उशिरा येणार हे वर्षभर आधी छापता येते, हा फरक तांडेलाने न बोलता, नुसते पाण्याकडे बघून दाखवून दिला.

होडीत बसताना जागांचा प्रश्न उद्भवला, कारण आठही जणांना नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, बसायचे होते. तांडेलाने एकेकाकडे बघून, गुरे बाजारात पारखतात तशी वजने पारखली आणि “तू हितं, तू तितं, शेठ मधी” असे म्हणत पावणेदोन मिनिटांत तो प्रश्न निकालात काढला. मधे बसवलेले शेठ म्हणजे प्रस्तुत लेखक होत, आणि हा मान वयामुळे मिळाला नसून घेरामुळे मिळाला, हे त्यांना बरेच पुढे गेल्यावर उमगले. जास्वंदीच्या शर्टाकडे पाहून तांडेल प्रसन्न झाला. “ह्यो बरा हाय,” तो खलाशाला म्हणाला, “पान्यात परला त लांबशी दिसंल.” शर्टाच्या मालकाने यानंतर प्राणरक्षक जाकिटाचे सगळे बंद दोनदा आवळले, आणि त्यामुळे ज्या शर्टासाठी केलेला खर्च अजून हिशेबात घ्यावा असे त्याचे म्हणणे आहे, तो शर्ट एकाही छायाचित्रात दिसत नाही.

किनारा सुटल्यावर दहाव्या मिनिटाला ‘बोट लागणे’ या अवस्थेस प्रारंभ झाला. मराठीत भूक लागते, ठेच लागते, दृष्ट लागते, तशीच बोटही लागते, आणि या सर्वांत ती लागलेल्या माणसाखेरीज इतर सगळे तज्ज्ञ असतात. कानाच्या आत शरीराचा तोल सांभाळणारे इंद्रिय असते. ते ‘आपण हलत आहोत’ असे मेंदूला कळवत असताना डोळे मात्र होडीतल्या स्थिर फळीकडे किंवा हातातल्या मोबाइलकडे लागलेले असले, की मेंदूला दोन परस्परविरोधी अहवाल मिळतात आणि तो पोटामार्फत नाराजी व्यक्त करतो. दूर क्षितिजाकडे पाहत राहणे हा त्यावर साधा उपाय होय. मंडळात मात्र एकाने आलेपाक, दुसऱ्याने आवळासुपारी, तिसऱ्याने हुंगायला लिंबू आणि चौथ्याने दीर्घ श्वास सुचवला. चौघांचेही उपचार एकाच वेळी घेणारा रुग्ण शेवटपर्यंत ठणठणीत राहिला आणि आलेपाक वाटणारा सदस्य सर्वांत आधी होडीच्या काठावर ओणवा झाला. या विषयाची सैद्धांतिक बाजू वर मांडलेल्या प्रस्तुत लेखकाने त्याच्या शेजारीच प्रात्यक्षिकही दिले, कारण सिद्धान्त त्यांनी मोबाइलवर शोधून, तिथल्या तिथे वाचला होता.

याच सुमारास इतिहासप्रेमी सदस्य उभा राहिला. प्रत्येक मित्रमंडळात असा एक सदस्य असतो, ज्याला किल्ला दिसला की बसवत नाही. १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस शिवाजी महाराजांच्या आज्ञेने मायनाक भंडारी यांनी खांदेरीवर तटबंदीचे काम सुरू केले. मुंबई बंदराच्या तोंडाशीच हा किल्ला उभा राहतोय म्हणताच इंग्रज अस्वस्थ झाले आणि त्यांनी बेटाची नाकेबंदी केली. परंतु मराठ्यांच्या लहान, उथळ बुडाच्या होड्या रात्री किनाऱ्यालगत वल्ही मारत रसद पोहोचवून परत येत आणि वाऱ्यावर विसंबलेली इंग्रजांची जड जहाजे त्यांच्यामागे धावू शकत नसत. १८ ऑक्टोबर १६७९ च्या आरमारी झुंजीत इंग्रजांचे ‘डव्ह’ नावाचे गलबत मराठ्यांच्या हाती लागले. पुढे जानेवारी १६८० मध्ये सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली, पण खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. हे सर्व त्याने लाटेगणिक एक वाक्य या गतीने, दोन्ही हात उंचावून सांगितले.

“खाली बसा,” तांडेल म्हणाला.

“काका, मी तुमच्याच किल्ल्याचा इतिहास सांगतोय.”

“त्ये मावळं पन होडीत बसूनच यायचं.”

या उत्तरावर इतिहासात उपलब्ध असलेले कोणतेही साधन पुढे करता न आल्याने सदस्य बसला, आणि १७१८ साली कान्होजी आंग्रे यांच्या काळात इंग्रजांनी खांदेरीवर केलेली फसलेली स्वारी मंडळाला बसल्या जागी ऐकावी लागली.

खांदेरीला धक्का आहे, म्हणजे उतरण्यासाठी बांधलेली जागा आहे. मात्र धक्क्याच्या पायऱ्यांवर शेवाळ असते आणि भोवतालच्या खडपावर, म्हणजे ओहोटीत उघड्या पडणाऱ्या कातळाच्या पट्ट्यावर, कालवांचे धारदार शिंपले घट्ट बसलेले असतात. बेटावर पहिले पाऊल कोणाचे, यासाठी दोघांमध्ये रेटारेटी झाली. पहिले पाऊल एकाचे पडले आणि पहिली बैठक दुसऱ्याची झाली. त्यानंतर प्रत्येकाने बेटाच्या संशोधनास स्वतंत्रपणे प्रारंभ केला. ‘सगळ्यांपासून दूर, शांत ठिकाणी’ जाण्यासाठी साडेचार वर्षे धडपडलेले हे आठ जण मोबाइल हवेत धरून आठ दिशांना पांगले, आणि वीस मिनिटांच्या शोधमोहिमेनंतर रेंज कोणत्या कातळावर सर्वांत चांगली मिळते, हे खांदेरीविषयीचे पहिले निरीक्षण हाती आले. “अरे, बेटावर आहे मी बेटावर! कोणी नाही इथे!” असे तिघे जण त्या एकाच कातळावर खांद्याला खांदा लावून एकाच वेळी ओरडत असल्याचेही नोंदवले गेले.

खांदेरीवर पाहण्यासारखे बरेच आहे. येथे एक शिळा आहे, जिच्यावर लहान दगडाने ठोकले असता धातूवर ठोकल्यासारखा आवाज येतो. आठही जणांनी तो पुन्हा पुन्हा काढून पाहिला. एकाला तो देवळातल्या घंटेसारखा वाटला, दुसऱ्याला पितळी ताटासारखा, तर तिसऱ्याला बायकोने सकाळी रागाने आपटलेल्या पातेल्यासारखा, आणि तो ऐकताच त्याला घरी फोन करायचा राहिल्याची आठवण झाली. शिळा पोकळ आहे की तिच्यात लोह आहे, यावर दोन अभियंत्यांचे कडाक्याचे भांडण झाले. दोघांपैकी एक संगणकाचा व दुसरा वातानुकूलन यंत्रणेचा अभियंता असल्याने निर्णय लागला नाही. गडावर चाकांच्या लोखंडी गाड्यांवर ठेवलेल्या तोफा आहेत. तोफेला असा गाडा असला की ती हलवणे व वळवणे सोपे जाते, आणि मूळ गाड्यासकट तोफ पाहायला मिळणे ही फारशी न आढळणारी गोष्ट आहे. मंडळाने या गाड्यावर पिशव्या ठेवल्या आणि तोफेशेजारी छायाचित्र काढले, किंबहुना एकच छायाचित्र आठ वेळा काढले, कारण आठ मोबाइल होते आणि दुसऱ्याने पाठवलेले छायाचित्र आपल्याला कधीच मिळत नाही, असा प्रत्येकाचा अनुभव होता. खलाशाने आठही मोबाइल मुकाट्याने पाळीपाळीने हाताळले. आठव्या वेळेस त्यानेच “जरा हसा, शेठ” असे सुचवले, आणि त्यामुळे आठव्या मोबाइलच्या मालकाला आपण इतरांपेक्षा उमदे दिसतो, असा समज करून घेता आला.

वेताळाच्या देवळात मात्र मंडळ शांत झाले. कोळी समाजाची या देवावर मोठी श्रद्धा आहे, आणि समुद्रावर पोट असलेल्या माणसाचा देव समुद्राच्या मधोमध असावा, यात नवल नाही. आलेपाक वाटणाऱ्या सदस्याने परतीच्या प्रवासासाठी तेथे जे मागणे मागितले, ते इतके मोठ्याने मागितले की इतर सात जणांनी त्यातच आपापली नावे घालून घेतली. १८६७ पासून उभे असलेले दीपगृह, ज्याला आता कान्होजी आंग्रे यांचे नाव आहे, ते मंडळाने बरेचसे खालूनच पाहिले. वरून दृश्य फार चांगले दिसत असणार, याबद्दल आठही गुडघ्यांच्या जोड्यांमध्ये एकमत होते. झोळी मात्र बांधता आली नाही, कारण तिच्या मालकाने झोळी आणली होती आणि दोर दुसरा आणेल असे धरले होते.

हाच न्याय भोजनास लागू झाला. बेटावर हॉटेल नाही, हे ठाऊक असल्याने प्रत्येकाने सर्वांपुरते आणायचे असे ठरले होते, आणि प्रत्येकाने ते पाळलेही. त्यामुळे सात डबे थेपल्यांचे आणि एक साबुदाण्याच्या खिचडीचा निघाला, जो स्मार्त-भागवताचा भेद न मानता सर्वप्रथम रिकामा झाला. पाणी दुसरा कोणीतरी आणणार, याची मात्र आठही जणांना खात्री होती. अशा प्रकारे आठ सुशिक्षित गृहस्थ, चारही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या भूभागावर, तीळ लावलेले थेपले गिळत बसले, आणि शाळेतली बेटाची व्याख्या किती अपुरी आहे, हे त्यांना प्रथमच जाणवले. तांडेलाने आपला कॅन पुढे केला, तेव्हा त्याला ‘काका’ म्हणणारे तिघे जण ‘देवा’ म्हणू लागले होते.

“पानी उतरतंय, बेगीन चला,” असा पुकारा दोनच्या सुमारास झाला, आणि नेमकी त्याच वेळी मंडळाला उंदेरी पाहण्याची तहान लागली. उंदेरी खांदेरीपेक्षा लहान, किनाऱ्याला जवळची. तिथे सोयीचा धक्का नाही, त्यामुळे पाणी आणि वारा दोन्ही अनुकूल असतील तरच खडकावर उतरता येते. उतरावे की नाही, यावर होडीतच मतदान घेण्यात आले. चार विरुद्ध चार मते पडली, आणि तांडेलाने निर्णायक मत देण्याऐवजी होडीचे तोंड थळकडे वळवले. उंदेरीच्या तटाकडे पाहत इतिहासप्रेमी सदस्य बसूनच म्हणाला की, खांदेरी आणि उंदेरी या दोघी कित्येक वर्षे परस्परांवर तोफा डागत होत्या. “काय उपयोग?” मागून आवाज आला, “राहिल्या समोरासमोरच ना!” हा आवाज ज्याचा होता आणि सकाळी चार्जरवरून ज्याच्याशी त्याचे भांडण झाले होते, ते दोघे तेव्हा एकाच जाकिटाचा अर्धा-अर्धा अंगावर घेऊन उन्हापासून डोके वाचवत होते.

थळला पोहोचेपर्यंत तिथीने आपले गणित अचूक सोडवले होते. ओहोटी पुरी होत आली होती, होडी किनाऱ्यापासून बरीच अलीकडे टेकली, आणि तेथून पुढचे अंतर गुडघाभर चिखलातून चालत कापावे लागले. नवे कोरे बूट घालून आलेल्या सदस्याचा डावा बूट चिखलात राहिला व उजवा त्याने रागाने त्याच्या सोबतीला दिला. काठावर आल्यावर तांडेलाने बोटाने एकेक डोके मोजले, “आठ नेलं, आठ आनलं” असे म्हणून हिशेब मिटवला आणि होडीकडे परत गेला. खांदेरीसह मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला, ही बातमी वाचून जे वाचक तेथे मित्रांसह जाण्याचा बेत करीत असतील, त्यांनी पंचांग एकच न्यावे, पाणी प्रत्येकाने न्यावे, आणि तांडेल आठला या म्हणाला तर आठलाच जावे.

मंडळाचा हिशेब मात्र अजून मिटलेला नाही. आठपैकी पाच जणांची वर्गणी जमा झाली आहे; उरलेल्या तिघांपैकी एकाने शर्टाचे आणि दुसऱ्याने बुटांचे पैसे वळते करून मागितले आहेत, आणि तिसरा स्वतः खजिनदार आहे.